स्पॅनिशभाषक वृद्धांच्या स्मृतिपरीक्षा : भाषांतर आणि रचना

वार्धक्यात माणसास विसर पडतो, ही गोष्ट सर्व समाजांनी गृहीत धरलेली आहे. परंतु हा विसर कोठवर वयाचा आणि कोठून पुढे रोगाचा, हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारण्यास वैद्यकाने बराच उशीर केला. १९६२ मध्ये माँट्रिऑल येथील मनोविकारतज्ज्ञ व्ही. ए. क्राल यांनी वृद्धांच्या विस्मरणाचे निरुपद्रवी आणि घातक असे दोन वर्ग पाडले. पहिल्या वर्गातील वृद्ध एखाद्या प्रसंगातील नाव किंवा तारीख विसरतो, पण प्रसंग त्याच्या ध्यानात असतो; दुसऱ्या वर्गात मात्र प्रसंगच नाहीसा होतो. हा भेद मोठा मार्मिक होता. तथापि तो करावयाचा तर वृद्धाशी निवांत बोलावे लागे आणि त्याच्या घरच्यांनाही विचारावे लागे. रुग्णालयातील गर्दीत इतकी सवड कोणास असणार? या अडचणीतून दहा मिनिटांत उरकणाऱ्या कसोट्या जन्मास आल्या. त्या जन्मल्या इंग्रजीत. आणि इतर भाषांनी त्या आपल्याशा करताना जे घडले त्याचा सर्वांत बोधक वृत्तांत स्पॅनिश भाषेत सापडतो.

१९७५ मध्ये मार्शल फोल्स्टीन, सूझन फोल्स्टीन आणि पॉल मॅक्ह्यू यांनी ‘मिनी-मेंटल स्टेट’ ही तीस गुणांची परीक्षा प्रसिद्ध केली. आज कोणता वार, कोणता ऋतू, आपण कोणत्या गावी आहोत. तीन शब्द ऐकून पुन्हा म्हणावयाचे. शंभरातून सात सात वजा करीत जावयाचे, किंवा ‘वर्ल्ड’ या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट्या क्रमाने सांगावयाची. मग ते तीन शब्द आठवावयाचे. दोन वस्तूंची नावे सांगावयाची, एक वाक्प्रचार जसाच्या तसा म्हणावयाचा, एक वाक्य लिहावयाचे, एक आकृती उतरवावयाची. चोविसाच्या खाली गुण आले की शंका घ्यावी, असा प्रघात पुढे पडला. परीक्षा अल्पावधीत जगभर पसरली. तिच्या साधेपणामुळे ती भाषानिरपेक्ष असल्याचा समज झाला, आणि पुढील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ या समजात आहे.

स्पेनमधील सारागोसा येथे आंतोनिओ लोबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये या परीक्षेचा स्पॅनिश अवतार सिद्ध केला आणि त्यास ‘मिनी-एक्सामेन कोग्नोस्थितिवो’ असे नाव दिले. यास भाषांतर म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. एकूण गुण तीसचे पस्तीस झाले. स्मरणासाठी निवडलेले तीन शब्द होते पेसेता, काबायो आणि मान्थाना. म्हणजे त्या काळचे स्पॅनिश नाणे, घोडा आणि सफरचंद. शंभरातून सात वजा करण्याचा शाळकरी हिशेब काढून टाकून त्याऐवजी प्रश्न आला तो असा : तुमच्याजवळ तीस पेसेता आहेत, त्यांतून तीन तीन मला देत गेलात, तर किती उरतील? शब्दाची अक्षरे उलटी सांगण्याच्या जागी पाच, नऊ, दोन हे आकडे उलट म्हणावयाचे ठरले. तांबडे आणि हिरवे यांत साम्य काय, कुत्रा आणि मांजर यांत साम्य काय, असे दोन प्रश्न नव्याने घातले गेले.

हे बदल किरकोळ वाटतील. पण त्यांमागे भाषेची खरी जाण आहे. शब्दाची अक्षरे एकेक करून सांगणे हा इंग्रजी शाळेतील नित्याचा व्यायाम आहे, कारण इंग्रजीत उच्चारावरून लेखन सांगता येत नाही आणि म्हणून लेखन पाठ करावे लागते. स्पॅनिशची लेखनपद्धती उच्चाराशी इतकी प्रामाणिक आहे की असा व्यायाम घेण्याचे तेथील शिक्षकास फारसे कारण पडत नाही. ‘वर्ल्ड’च्या जागी ‘मुंदो’ हा शब्द घालून तो उलटा सांगा म्हणणे शब्दशः अचूक भाषांतर होईल; पण इंग्रज वृद्धाची त्यात जी शक्ती तपासली जाते ती स्पॅनिश वृद्धाची तपासली जात नाही. एकास ते सवयीचे काम, दुसऱ्यास अपरिचित कसरत. (देवनागरी लिहिणाऱ्यास हाच प्रश्न विचारला तर वर्ण उलटावयाचे की जोडाक्षरे, येथूनच वाद सुरू होईल. हरियाणातील बल्लभगड भागासाठी १९९५ मध्ये मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हिंदी परीक्षा रचली, तेव्हा आठवड्याचे वार उलट्या क्रमाने सांगण्याचा मार्ग त्यांनी पत्करला.)

वाक्य पुन्हा म्हणण्याच्या प्रश्नाची कथा अशीच आहे. इंग्रजीतील वाक्प्रचार ‘जर, आणि, पण’ अशा अव्ययांची नुसती माळ आहे. तीत अर्थाचा आधार जवळजवळ नाही, आणि म्हणूनच ती बिनचूक म्हणणे कठीण जाते. सारागोसाच्या मंडळींनी तेथे ‘एन उन त्रिगाल आबिआ थिंको पेर्रोस’ हे वाक्य घातले : एका गव्हाच्या शेतात पाच कुत्रे होते. ‘त्रि’ हा संयोग आणि ‘पेर्रोस’मधील घोळदार ‘र्र’ यांमुळे जिभेची परीक्षा होते खरी. पण वाक्याला अर्थ आहे, चित्र आहे, आणि चित्र असलेले वाक्य स्मरणास सोपे असते. म्हणजे प्रश्न बदलला तशी परीक्षित शक्तीही किंचित बदलली. हा दोष नव्हे. मात्र दोन भाषांतील गुणांची परस्परांशी तुलना करणाऱ्याने तो ध्यानात ठेवावयास हवा, आणि तो बहुधा ठेवला गेला नाही.

इतिहासानेही या प्रश्नावलीत एक बारीकसा पेच टाकला. १ जानेवारी २००२ पासून स्पेनमध्ये युरोची नाणी आणि नोटा व्यवहारात आल्या आणि दोन महिन्यांत पेसेता चलनातून गेली. तीन शब्दांतील सर्वांत घरगुती शब्द असा भूतकाळात जमा झाला. प्वेर्तो रिकोमध्ये तर ‘पेसेता’ म्हणजे अमेरिकन डॉलरचा चौथा हिस्सा, पंचवीस सेंटचे नाणे! शब्द तोच, भाषा तीच, आणि समोरचा वृद्ध मात्र निराळाच पैसा मोजीत असतो.

खरी कसोटी लागली ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. लॉस एंजेलिसच्या लोकवस्तीत मोठ्या प्रमाणावर मनोविकारांची पाहणी झाली, तिच्या आधाराने हाविएर एस्कोबार आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की मिनी-मेंटलमधील काही प्रश्नांची उत्तरे आजारापेक्षा वंश, भाषा आणि शिक्षण यांनीच अधिक ठरतात. ऋतूचा प्रश्न घ्यावा. चार ऋतूंचे चक्र हे समशीतोष्ण युरोपचे आहे. कोलंबियात ‘इन्व्हिएर्नो’ म्हणजे हिवाळा नव्हे, तर पावसाचे दिवस. ‘बेरानो’ म्हणजे कोरडे दिवस. आणि ते वर्षातून एकदाच येतात असेही नाही. बोगोताच्या वृद्धेने परीक्षकाच्या कागदावर नसलेला ऋतू सांगितला तर तिची कालजाणीव ढळली असे म्हणावयाचे काय? उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीनच ऋतू बोलीत मानणाऱ्या मराठी माणसास ही अडचण सांगून समजवावी लागणार नाही.

याहून विलक्षण उदाहरण एरिक फायफर यांच्या दहा प्रश्नांच्या परीक्षेतील आहे. तीही १९७५ चीच. तीत वृद्धास आईचे माहेरचे आडनाव विचारतात. इंग्रजी समाजात लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, तेव्हा हे नाव आठवणे म्हणजे दूरच्या स्मृतीत हात घालणे होय. स्पॅनिश रीत निराळी. तेथे प्रत्येकास दोन आडनावे असतात, पहिले पित्याकडून आलेले आणि दुसरे मातेकडून; स्त्रीचे नावही लग्नाने बदलत नाही. म्हणजे आईचे पहिले आडनाव हे ज्याचे त्याचे स्वतःचे दुसरे आडनाव असते, आणि ते तो आयुष्यभर प्रत्येक सरकारी कागदावर लिहीत आलेला असतो. इंग्रजीत स्मृतीचा ठरणारा प्रश्न स्पॅनिशमध्ये स्वतःचे नाव सांगण्याइतका सोपा होतो. भाषांतरकाराची येथे शब्दाची चूक एकही नाही.

आकड्यांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. इंग्रजीत एक ते नऊ या अंकांपैकी एकच द्व्यवयवी आहे, बाकीचे एकावयवी. स्पॅनिशमध्ये दोस, त्रेस, सेइस हे तीन सोडले तर सर्व द्व्यवयवी. मनात आकडे घोळवीत ठेवण्याची क्षमता ते उच्चारावयास लागणाऱ्या वेळाशी निगडित असते. नावे-बेंजामिन आणि एअर्स यांनी १९८६ मध्ये चार भाषांची तुलना केली, तीत इंग्रजीचा आवाका सर्वांत मोठा ठरला आणि स्पॅनिशचा त्याहून कमी. कारण मेंदूत शोधावयाचे नसून अवयवसंख्येत होते. केंपलर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्राण्यांची नावे भराभर सांगण्याच्या चाचणीत हेच पाहिले. व्हिएतनामी वृद्धांनी सर्वांत जास्त नावे सांगितली, स्पॅनिशभाषकांनी सर्वांत कमी. व्हिएतनामीतील ती नावे आखूड, स्पॅनिशमधील लांब. पुढे २००५ मध्ये झियाद नासरेद्दीन यांची माँट्रिऑल परीक्षा आली आणि तिचे स्पॅनिश रूप तयार झाले, त्यात ‘व्हेल्वेट’ (मखमल) या शब्दासाठी ‘तेर्थिओपेलो’ हा चार अवयवांचा नेमका प्रतिशब्द न घेता ‘सेदा’, म्हणजे रेशीम, हा आटोपशीर शब्द घेतला गेला. अर्थ थोडा सोडला, वजन सांभाळले. अशा परीक्षांत भाषांतराची निष्ठा कशाशी असावी, याचे हे नमुनेदार उत्तर होय.

परंतु शब्द कितीही चांगले निवडले तरी शिक्षणाचा प्रश्न शिल्लक राहतोच. १९७९ मध्ये पासष्ट वर्षांचा असलेला स्पॅनिश शेतकरी १९१४ च्या सुमारास जन्मलेला. त्याच्या पिढीतील अनेकांनी शाळा पाहिली नव्हती. लॅटिन अमेरिकेच्या खेड्यांतून आणि तेथून अमेरिकेत मजुरीस गेलेल्या वृद्धांतून ही स्थिती त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. मिनी-मेंटलमध्ये लिहिणे, वाचणे, आकृती काढणे यांना गुण आहेत. ज्याने हातात पेन्सिल धरली नाही त्याचे ते गुण परीक्षेपूर्वीच गेलेले असतात. परिणाम असा की घरचा हिशेब, शेत आणि नातेसंबंध बिनचूक सांभाळणाऱ्या वृद्धाच्या माथी स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसण्याची शक्यता निर्माण झाली. अशा शिक्क्याने माणसाच्या हातून किल्ल्या जातात, व्यवहार जातो, आणि कुटुंबात त्याच्या शब्दाचे वजनही जाते.

यावर काढलेला पहिला उपाय अंकगणिती होता. डॅन मंगस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्या वृद्धांसाठी वय आणि शिक्षण यांनुसार गुण सुधारून घेण्याचे सूत्र दिले. माँट्रिऑल परीक्षेतही बारा किंवा कमी वर्षे शिकलेल्यास एक गुण वाढवून देतात. हा उपाय सोयीचा आहे, पण समाधानकारक नाही. एक तर शिक्षणाचा अभाव हा स्वतःच स्मृतिभ्रंशाचा एक धोका मानला जातो; तेव्हा गुण वाढवून देताना खरा आजारही झाकला जाऊ शकतो. दुसरे असे की चुकीचा प्रश्न विचारून उत्तरात दुरुस्ती करणे म्हणजे वाकडी फूटपट्टी वापरून वहीत लांबी बदलून लिहिणे होय. शिवाय शाळेतील वर्षे ही शिक्षणाची फार ढोबळ खूण आहे. उत्तर मॅनहॅटनमधील डोमिनिकन आणि इतर वृद्धांच्या दीर्घ अभ्यासाशी संबंधित असलेल्या जेनिफर मॅनली यांनी वर्षांपेक्षा प्रत्यक्ष वाचनशक्तीकडे लक्ष वेधले, ते याच कारणाने.

वाचनशक्तीवरून माणसाची मूळची बौद्धिक पातळी अजमावण्याचा इंग्रजी मार्ग मात्र स्पॅनिशमध्ये बंद होता. हेझल नेल्सन यांच्या १९८२ च्या परीक्षेत लेखनाप्रमाणे उच्चार न होणारे शब्द वाचावयास देतात; जो आधी शिकला तोच ते बरोबर वाचतो. ज्या भाषेत असे शब्द जवळजवळ नाहीतच, तेथे काय करावे? तेओदोरो देल सेर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर सुंदर तोड काढली. स्पॅनिशमध्ये आघाताची जागा अर्थ बदलते, आणि अनेकदा ती चिन्हाने दाखवितात : आघात सरकला की एकाच वर्णावलीचे ‘प्रख्यात’, ‘साजरे करावे’ आणि ‘मी साजरे केले’ असे तीन निरनिराळे अर्थ होतात. त्यांनी तीस विरळ शब्द मोठ्या लिपीत, आघातचिन्हे गाळून छापले. ज्यास शब्द ठाऊक तोच आघात जागच्या जागी देईल. प्रस्तुत इतिहासात भाषेच्या अंतरंगातून कसोटी उपजल्याचे याहून शुद्ध उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरा उपाय वृद्धास सोडून त्याच्या घरच्यांना विचारण्याचा. ऑस्ट्रेलियात अँथनी जॉर्म यांनी १९८९ मध्ये केलेल्या प्रश्नावलीत दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत या माणसाची आठवण कशी आहे, असे आप्तास विचारतात. होसे मान्वेल मोरालेस यांनी स्पेनमध्ये तिचे रूप तयार करून १९९५ मध्ये सौम्य स्मृतिभ्रंश ओळखण्यास तिचे आटोपशीर स्वरूपही पुरते असे दाखविले. येथे माणसाची तुलना त्याच्याशीच होते, त्यामुळे शाळेचा पक्षपात बराच गळतो. ‘१०/६६’ या नावाने काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने क्युबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, पेरू, मेक्सिको इत्यादी देशांत आणि आपल्याकडे चेन्नई येथेही वृद्धाची उत्तरे आणि आप्तांची साक्ष एकत्र जोडण्याचीच रीत अनुसरली. जगातील स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि तेथे होणारे संशोधन मात्र दहा टक्क्यांहूनही कमी, या विषमतेवरून मंडळाचे नाव पडले होते.

आतापर्यंतची चर्चा निरोग्यास रोगी ठरविण्याच्या चुकीची झाली. उलट चूक तितकीच गंभीर आहे, आणि सौम्य स्मृतिक्षयाच्या बाबतीत तीच अधिक घडते. १९९९ मध्ये मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी रोजचा व्यवहार शाबूत असताना स्मृती मात्र वयाच्या मानाने ढळलेली, अशी मधली अवस्था रेखून दिली. मिनी-मेंटलला ही अवस्था दिसणे कठीण. तीस गुणांपैकी थोड्या वेळाने आठवण्यास अवघे तीन गुण आहेत. तिन्ही शब्द साफ विसरलेला, पण बाकी सर्व बरोबर सांगणारा सुशिक्षित वृद्ध सत्तावीस गुण घेऊन सुखरूप बाहेर पडतो. सारागोसाच्या परीक्षेत त्यास पस्तिसांत बत्तीस मिळतात. ज्या गोष्टीचा शोध घ्यावयाचा तिलाच परीक्षेत सर्वांत थोडी जागा, असा हा प्रकार आहे.

त्याच १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या हर्मन बुश्के यांनी चार शब्दांची स्मृतिचाळणी मांडली. शब्द वाचताना त्याचा वर्गही सांगून घ्यावयाचा, काही वेळाने तो आपोआप आठवतो का पाहावयाचे, न आठवल्यास वर्गाचा संकेत द्यावयाचा. आपोआप आठवल्यास दोन गुण, संकेताने आठवल्यास एक. संकेत देऊनही शब्द येत नसेल तर तो मनात नोंदलाच गेला नव्हता, असे अनुमान निघते. आणि क्राल यांनी १९६२ मध्ये शब्दांत पकडलेला भेद, म्हणजे नाव हरवणे वेगळे आणि प्रसंग हरवणे वेगळे, येथे गुणांत उतरला. स्पॅनिशमध्ये ही चाळणी २००५ मध्ये प्रमाणित झाली. पण तीत शब्द वाचावे लागत, म्हणजे निरक्षर पुन्हा बाहेरच.

ही उणीव ग्रानादा येथील क्रिस्तोबाल कार्नेरो-पार्दो यांनी भरून काढली. त्यांच्या ‘फोतोतेस्त’मध्ये नित्याच्या सहा वस्तूंची चित्रे दाखवितात, मधल्या वेळात पुरुषांची आणि स्त्रियांची नावे भराभर सांगण्यास लावतात, आणि मग चित्रे आठवण्यास सांगतात. नावे सांगण्यास शाळा लागत नाही, गाव लागते. त्यांच्याच ‘युरोतेस्त’मध्ये नाणी आणि नोटा हेच परीक्षेचे साहित्य झाले : कोणकोणती नाणी आहेत, समोरच्या नाण्यांची बेरीज किती, आणि मघाशी किती नाणी होती? एका शब्दाच्या रूपाने जे नाणे १९७९ मध्ये परीक्षेत शिरले होते, ते आता सबंध परीक्षाच बनून गेले. बार्सिलोनात लोरेना रामी, होसे लुइस मोलिनुएवो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पन्नास गुणांची स्मृतिपरीक्षा प्रसिद्ध केली. तीत लिहिणे नाही, आकृती नाही. नोंद, कालाचे भान, सामान्य ज्ञानाची स्मृती, मुक्त स्मरण आणि संकेताने स्मरण एवढेच आहे. सौम्य स्मृतिक्षय प्राथमिक आरोग्यकेंद्रातच ओळखता यावा, या हेतूने ती थेट स्पॅनिशमध्ये रचलेली आहे.

याच वर्षी बार्सिलोनाचे माजी महापौर आणि कातालोनियाचे माजी अध्यक्ष पास्क्वाल मारागाल यांनी आपणास अल्झायमरचा विकार जडल्याचे जाहीर केले. त्यांच्यावर २०१० मध्ये निघालेल्या अनुबोधपटास ‘सायकल, चमचा, सफरचंद’ हे स्मृतिपरीक्षेतील तीन शब्दच शीर्षक म्हणून लाभले. लोकजागृतीच्या दृष्टीने हे फारच चांगले झाले. परीक्षकाची मात्र पंचाईत, कारण जे तीन शब्द सर्वांस तोंडपाठ ते परीक्षेस निरुपयोगी.

कॅलिफोर्नियात दरम्यान निराळा मार्ग चोखाळला जात होता. सॅक्रामेंटो परिसरातील साठ वर्षांवरील १,७८९ लॅटिनो वृद्धांचा अभ्यास १९९८ मध्ये सुरू झाला. त्यासाठी आणि त्या अनुषंगाने इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत समतोल राहतील अशा शब्दसूची मुळातच एकत्र तयार करण्यात आल्या. एकीतून दुसरी उतरविलेली नव्हे. द्विभाषक वृद्धांच्या समाजात हाच मार्ग न्याय्य होय, यात शंका नाही.

मिनी-मेंटल २००१ पासून परवाना घेऊन वापरावयाची वस्तू झाली होती. २०१४ मध्ये कार्नेरो-पार्दो यांनी स्पॅनिश मज्जाशास्त्रीय नियतकालिकात तिला आता निवृत्त करावे काय, असा उघड प्रश्न टाकला; शिक्षणाचा पक्षपात, सौम्य अवस्थेतील आंधळेपणा आणि परवान्याचे शुल्क हे त्यांचे आक्षेप होते. चांगली कसोटी हाती आली म्हणजे सर्व वृद्धांची सरसकट चाळणी करावी, असे मात्र त्यातून निघत नाही. तसे सांगण्यास पुरेसा पुरावा नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०२० मध्ये दिला आहे.

बार्सिलोनाची परीक्षा २०१४ च्या सुमारास निल्तोन कुस्तोदिओ आणि सहकाऱ्यांनी पेरूमधील लिमा येथे पारखून घेतली, आणि निरोगी वृद्ध, सौम्य स्मृतिक्षय आणि अल्झायमरचे रुग्ण असे तीन गट ती तेथेही वेगळे काढू शकते, असे दाखविले. मात्र पेरूतील कितीतरी वृद्धांची मातृभाषा केचुआ आहे आणि स्पॅनिश त्यांनी मागाहून, बाजारात आणि कचेरीत उचललेली आहे. त्यांच्या दृष्टीने बार्सिलोनात स्पॅनिशमध्ये रचलेली परीक्षाही पुन्हा परक्याच भाषेतली ठरते.